दोन आण्यांची चिठ्ठी आणि दुकानाचे नाव

गेल्या उन्हाळ्यात परळीच्या मोंढ्याजवळ एका ओळखीच्या व्यापाऱ्याचे माळवदाचे जुने दुकान पाडण्यात आले. माळ्यावरच्या चार पोती वह्या आणि कागद रद्दीवाल्याने किलोच्या भावाने उचलले. ही बातमी माझ्या कानावर दोन दिवस उशिरा आली. मी रद्दीवाल्याकडे गेलो तेव्हा पोती पुढे रवाना झाली होती. मागे राहिली होती एक फाटकी खतावणी आणि तिच्या पानांत अडकलेले पुठ्ठ्याचे तीन तुकडे. प्रत्येकावर दुकानाचा रबरी शिक्का, खाली शाईने 'दोन आणे' आणि सन १३५२ फसली. रद्दीवाल्याने ते तुकडे मला चहाच्या बदल्यात देऊन टाकले. मी ते दुकानाच्या मालकाला दाखवले, तर ते म्हणाले, "असले काही आमच्याकडे कधी होते, हेच मला ठाऊक नाही."

व्यापारी बांधवांनो, हा लेख त्या तीन तुकड्यांसाठी आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात, माळ्यावर, जुन्या गल्ल्याच्या चोरकप्प्यात असे तुकडे पडून असतील. ते काय आहेत, ते का निघाले, ते जमवावेत की नाही आणि जमवायचे तर कोणत्या रीतीने, याबद्दल मला चार शब्द सांगावेसे वाटतात. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी मी दुकानाच्या गादीवर शिकलो. लिहिण्यात कुठे चूक झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम हे कागद निघाले कशामुळे, ते पाहू. दुसरे महायुद्ध १९३९ मध्ये सुरू झाले आणि जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. त्या बातमीने हिंदुस्थानातले लोक घाबरले. नोट हा कागद, रुपया ही चांदी, असे म्हणून ज्याला त्याला रुपया घरात ठेवावासा वाटू लागला. सरकारने त्याच महिन्यात गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणे हा गुन्हा ठरवला. त्याच वर्षी एक रुपयाची नोट पुन्हा निघाली आणि रुपयातली चांदी बारा भागांत अकरा होती ती निम्म्यावर आणली गेली. जुन्या चांदीचे व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये ३१ मार्च १९४१ नंतर व्यवहारातून बाद झाले.

मोठ्या पैशाची अडचण नोटांनी भागली. लहान पैशाची मात्र भागली नाही. तांबे आणि निकेल या धातूंना लढाईच्या सामानात मागणी होती. फौजेचे पगार, छावण्यांची खरेदी आणि वाढलेले भाव यांमुळे व्यवहार वाढले आणि हातोहाती लागणारी चिल्लरही वाढली. १९३९ मध्ये देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. १९४५ मध्ये हा आकडा ११०० कोटींच्या वर गेला. इतक्या नोटांना मोड द्यायची तर आणे आणि पैसे कुठून आणायचे? मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी कमी पडल्या म्हणून १९४३ मध्ये लाहोरची टांकसाळ सुरू झाली. त्याच वर्षी मधोमध भोक असलेला पैसा निघाला. त्याचे वजन जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी होते. तो लोकांनी वायसर म्हणून वापरला, ही गोष्ट जुनी माणसे हसत सांगत. पण त्यामागे धातूची केवढी ओढाताण होती, ते त्या भोकावरूनच कळते.

आपल्या भागात या अडचणीला आणखी एक पदर होता. परळी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. शेजारच्या आंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. इथे उस्मानिया सिक्का, म्हणजे आपल्या बोलीत हाली रुपया चालत असे. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला लोक कलदार म्हणत. हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या नोटा १९१८ पासून होत्या. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि या चलनाचे काम तिच्याकडे गेले. (हीच बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.) सात हाली म्हणजे सहा कलदार, असा ठरलेला दर होता. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. माल मुंबई आणि सोलापूरकडून कलदारात घ्यायचा आणि परळीत हालीत विकायचा, म्हणजे कापडवाल्याला प्रत्येक थानामागे हा बट्टा डोक्यात ठेवावा लागे. लढाईच्या काळात हैदराबादनेही निकेलच्या आण्याच्या जागी ब्राँझचा चौकोनी आणा काढला आणि एक रुपयाच्या नोटा बाजारात आणल्या. तरीही बाजाराच्या दिवशी मोड मिळणे कठीण झाले होते. वडिलांकडून ऐकले आहे की रुपयाची नोट घेऊन आलेले गिऱ्हाईक पाच आण्यांचे कापड घ्यायचे आणि उरलेल्या अकरा आण्यांसाठी गादीपुढे तासभर बसून राहायचे.

ही अडचण साऱ्या देशात होती. बिकानेर, बुंदी, जुनागढ, नवानगर, मोरवी अशा अनेक संस्थानांनी लढाईच्या काळात पुठ्ठ्याची छापील कॅश कुपने काढली. त्यांवर संस्थानाचे चिन्ह किंवा राजाचे चित्र आणि आणे-पैशांचा आकडा असे. ही कुपने आज संग्राहकांत प्रसिद्ध आहेत आणि त्यांची यादी व किंमत पुस्तकांत मिळते. पण ज्या चिठ्ठ्या दुकानदारांनी, खानावळवाल्यांनी, आडत्यांनी स्वतः काढल्या, त्यांची यादी कोणी केलेली नाही. इंग्रजी मुलखात या चिठ्ठ्या कागदाच्या असत, याला कायद्याचेही कारण होते. १८८९ च्या मेटल टोकन्स ॲक्टने खाजगी माणसाला पैसा म्हणून वापरायचे धातूचे तुकडे बनवायला मनाई केली होती. कागदाच्या बाबतीतही रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याचे कलम ३१ आहे. आणणाऱ्याला मागताक्षणी पैसे देण्याचे वचन लिहिलेला कागद खाजगी माणसाला काढता येत नाही. म्हणून शहाणा दुकानदार चिठ्ठीवर 'पैसे देऊ' असे लिहीत नसे. 'माल देऊ' असे लिही. आमच्या भागाला तो कायदा लागू नव्हता, पण रीत तीच पडली होती.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, परळीत कापडाचे दुकान चालवत. त्यांनीही १३५२ फसलीत, म्हणजे १९४२-४३ मध्ये, अशा चिठ्ठ्या काढल्या होत्या. गिरणीच्या थानावर रंगीत चित्राची छाप चिकटवलेली येई. त्या छापा जाड कागदाच्या असत. दादा त्या सोडवून त्यांच्या पाठीवर उर्दूत रक्कम लिहीत, मुनीमजी शेजारी मोडीत तीच रक्कम लिहीत आणि वर दुकानाचा शिक्का पडे. दोन लिप्या असल्यामुळे कोणालाही खाडाखोड करता येत नसे. गिऱ्हाइकाला मोडीऐवजी चिठ्ठी मिळे आणि पुढच्या बाजाराला तो ती आणून कापड नेई. घरात ही गोष्ट नेहमी दादांच्या इमानदारीचा दाखला म्हणून सांगितली गेली. मीही कित्येक वर्षे तशीच सांगत होतो.

१९९४ ची गोष्ट. मी विशी ओलांडून गादीवर बसू लागलो होतो. एका दुपारी शिंपी समाजातली एक म्हातारी आली. तिने पदराची गाठ सोडून नऊ चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येक चिठ्ठी दोन आण्यांची होती. मी ओळखले आणि हसलो. म्हणालो, "आजी, हाली पैसा कधीच बंद झाला. या आता चालत नाहीत."

ती म्हणाली, "लेकरा, चालत न्हाईत ते मला बी कळतंय. पण नाव तुमचंच हाय ना?"

मग तिने सांगितले ते मला घरात कधी कोणी सांगितले नव्हते. तिचा सासरा आमच्याच दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसत असे. चिल्लर नव्हती तेव्हा दादा त्याची शिलाई याच चिठ्ठ्यांत देत. कापडवाल्याची चिठ्ठी किराणावाला घेईना. दळणवाला घेईना. शिंप्याला रोज कापड घेऊन काय करायचे? काही चिठ्ठ्या त्याने शेजाऱ्यांना कमी भावात दिल्या, काहींचे कापड नेले आणि या नऊ राहून गेल्या. मागायला जीभ उचलली नाही, कारण बसायची जागा आमच्या ओट्यावर होती.

मी तिला दहा रुपये आणि एक ब्लाऊजपीस दिला आणि चिठ्ठ्या ठेवून घेतल्या. ती समाधानाने गेली. रात्री अब्बांना सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "दहा रुपये कोणत्या हिशेबाने दिलेस?" मी म्हणालो की अठरा आणे हाली म्हणजे कलदारात साडेपंधरा आण्यांच्याही आत, आजचे ९६ पैसे होतात, मी तर दहापट दिले. अब्बा म्हणाले की चिठ्ठीवर माल लिहिला आहे आणि ती त्याच्या मजुरीबद्दल दिली आहे, तेव्हा हिशेब मजुरीचा कर. तिच्या सासऱ्याने आपल्या ओट्यावर किती दिवस शिवले तेव्हा अठरा आणे झाले? त्यांच्या आठवणीप्रमाणे दोन दिवस. मग आज शिंप्याची दोन दिवसांची मजुरी किती? त्या वेळच्या दराने १२० रुपये. दुसऱ्या दिवशी अब्बांनी नोकराला न पाठवता मलाच तिच्या घरी पाठवले.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले की या चिठ्ठीला दोन बाजू आहेत. दुकानदार म्हणतो, मी माझ्या नावावर बाजार चालू ठेवला. ते खरेच आहे. चिठ्ठ्या नसत्या तर कित्येक सौदे अडले असते. पण कारागीर म्हणेल, माझी मजुरी तुमच्या दुकानात अडकून राहिली आणि बिनव्याजी भांडवल तुम्हाला मिळाले. हेही खरे आहे. ज्याच्या हाती चिठ्ठी जास्त दिवस राहते, तो दुकानदाराला उधार देत असतो. चिल्लरीची टंचाई सर्वांवर आली, पण तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही.

जगात इतर ठिकाणीही हेच घडलेले दिसते. वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन या तांब्याच्या खाणीने १७८७ मध्ये स्वतःच्या पेन्या पाडल्या. त्या कोणत्या गावी वटवून मिळतील, हे त्यांच्या कडेवर कोरलेले होते. त्यामुळे त्या दूरवर चालल्या. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तेव्हा लोकांनी नाणी दडवली. आधी टपालाची तिकिटे मोड म्हणून फिरली, मग व्यापाऱ्यांनी सेंटाएवढी तांब्याची टोकने पाडली. न्यूयॉर्कमध्ये लिंडेनम्युलर नावाच्या बिअरच्या गुत्त्याच्या मालकाने अशी दहा लाखांहून जास्त टोकने बाजारात सोडली. तिथल्या थर्ड ॲव्हेन्यू ट्रामगाडीच्या कंपनीकडे भाड्यापोटी ती मोठ्या संख्येने जमली. कंपनीने ती बदलून मागितली, तेव्हा हा गृहस्थ हसला आणि त्याने साफ नकार दिला. कंपनीकडे काहीच इलाज नव्हता, कारण टोकनावर त्याचे नाव होते पण बदलून देण्याचे वचन नव्हते. अशा तक्रारी वाढल्या आणि १८६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने खाजगी नाण्यांवर बंदी घातली. आज या टोकनांचे हजारो प्रकार संग्राहक जमवतात. लिंडेनम्युलरचे टोकनही विकले जाते. त्याची किंमत येते, पण सोबत त्याची गोष्टही येते.

आता जमवण्याकडे वळतो.

माझे मत असे आहे की आपल्या भागातल्या दुकानांच्या चिठ्ठ्या जमवल्या पाहिजेत, आणि त्या आपण व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी जमवल्या पाहिजेत. राजेमहाराजांची नाणी सांभाळायला संग्रहालये आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईला रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. परळीच्या शिंप्याला मजुरीत मिळालेली चिठ्ठी तिथे आपोआप जाणार नाही. ती रद्दीत जाईल. मोंढ्यात काही आडतींत हमालाला प्रत्येक पोत्यामागे पितळी बिल्ला देत आणि संध्याकाळी बिल्ले मोजून पैसे देत. जिनिंगचे, गिरणीच्या कँटीनचे, खानावळीचे असे कितीतरी बिल्ले भंगारात वितळून गेले. आपल्या धंद्याची बखर कोणी लिहिली नाही. हे तुकडे हीच काय ती आपली बखर आहे.

पण जमवताना काही गोष्टी पाळाव्यात, असे मला वाटते.

पहिली गोष्ट, तारीख नीट वाचावी. निजामाच्या राज्यात दप्तराचे साल फसली होते आणि नाण्यांवर हिजरी सन असे. १३५२ फसली म्हणजे १९४२-४३, तर १३५२ हिजरी म्हणजे १९३३-३४. पुष्कळ जण फसली आकडा हिजरी समजून चिठ्ठी दहा वर्षे आधीची ठरवतात आणि मग लढाईशी तिचा मेळ लागत नाही. त्या काळातले नाणे शेजारी ठेवायचे असेल तर १३६१ किंवा १३६२ हिजरीचे शोधावे.

दुसरी गोष्ट, बनावट ओळखावी. वस्तूला मागणी आली की नक्कल येतेच. चहाच्या पाण्यात बुडवून पुठ्ठा जुना करता येतो. पण बॉलपेन आपल्याकडे लढाईनंतर आले, म्हणून बॉलपेनने लिहिलेली १९४३ ची चिठ्ठी खरी नाही. शिक्क्यात पिनकोड असेल तर तो १९७२ नंतरचा आहे. शिक्क्यात 'महाराष्ट्र' असेल तर तो १९६० नंतरचा. 'नये पैसे' असतील तर १९५७ नंतरचा. कँटीनचा किंवा हमालीचा बिल्ला कोणी 'लढाईतले नाणे' म्हणून देऊ लागला तर घेण्याआधी विचारावे की हा कशासाठी वापरत. बिल्ल्याची स्वतःची किंमत आहे, त्याला खोटे नाव देण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट, वस्तूला हात कमी लावावा. पितळेचा बिल्ला चिंचेने घासून चमकवला की त्याचे वय निघून जाते. कागदाला सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून काही वर्षांनी तेलकट ओल सुटते आणि शाई पसरते. साधा कोरा, चांगल्या प्रतीचा कागद आणि कोरडी पेटी पुरेशी आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक तुकड्याबरोबर एक चिठ्ठी आपणही लिहावी. हा कोणाच्या घरून मिळाला, त्या घराचा धंदा काय होता, तो त्यांच्याकडे कशापोटी आला, कोणी वाचून दिला. माझ्या त्या तीन तुकड्यांची खतावणी पोत्यांबरोबर गेली असती तर ते तुकडे नुसते शिक्का मारलेले पुठ्ठे ठरले असते. मोडी वाचणारी माणसे गावात आता मोजकी आहेत. ज्यांच्या घरात अशी म्हातारी माणसे आहेत त्यांनी हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

कायद्याबद्दलही एक शब्द. जुना वाडा किंवा दुकान पाडताना जमिनीत किंवा भिंतीत पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. लढाईच्या चिठ्ठ्या अजून त्या वयाच्या झालेल्या नाहीत, पण त्याच पेटीत जुनी नाणी असू शकतात. म्हणून सावध असावे.

आता भावाचा प्रश्न. काही वर्षांपूर्वी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नाण्यांचे प्रदर्शन भरले होते. मी आमच्या चिठ्ठ्या दाखवायला नेल्या. एका नाण्यांच्या व्यापाऱ्याने गिरणीची छाप आणि दोन लिप्या पाहून एका चिठ्ठीला ६०० रुपये बोलले. नऊ चिठ्ठ्यांचे ५४०० रुपये. मला ती म्हातारी आठवली. तिला आम्ही १२० रुपये पोचवले तेव्हा अब्बांचा हिशेब चोख होता. तिलाही भाव ठाऊक नव्हता, आम्हालाही नव्हता. त्यात फसवणूक नव्हती. फेडलेली चिठ्ठी दुकानाची होते, हेही खरे. तरीही त्या दिवशी मी एकही चिठ्ठी विकली नाही.

परळीत आल्यावर चौकशी केली. म्हातारी वारली होती. तिचा नातू शिवणकामाचे दुकान चालवतो. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, भाव सांगितला आणि नऊपैकी चार चिठ्ठ्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने दोन विकून टाकल्या आणि दोन ठेवल्या. काही जणांनी मला म्हटले की बघ, त्याला कदर नाही. मला तसे वाटले नाही. त्याच्या पणजोबाची मजुरी होती ती. तिचे काय करायचे हे त्याने ठरवावे.

यावरून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे आणि तो इथे सर्वांपुढे ठेवतो. मला आता भाव ठाऊक आहे. म्हणून मी कोणाच्या घरी अशी वस्तू घ्यायला गेलो, तर आधी भाव सांगेन, मगच सौदा करेन. कापडाच्या धंद्यात आपण गिऱ्हाइकाला डागाचे थान डाग दाखवूनच विकतो. डाग लपवला तर ती बेइमानी होते, हे आपण मुलांना शिकवतो. मग विकणाऱ्याला त्याच्या वस्तूचा भाव ठाऊक नाही आणि आपल्याला आहे, तेव्हा गप्प राहणे याला काय म्हणावे? संग्राहक मंडळी 'पाच रुपयांत उचलले, पाच हजारांत गेले' असे अभिमानाने सांगतात. त्यात अभिमान कसला, हे मला अजून कळलेले नाही. काल मी त्या रद्दीवाल्याकडेही जाऊन आलो. चहाच्या बदल्यात घेतलेल्या तीन तुकड्यांचा भाव त्याला सांगितला आणि हिशेब पुरा केला. दुकानाच्या मालकाला एक तुकडा दिला. दुकान गेले तरी दुकानाचे नाव त्यांच्या घरात असू द्यावे.

कोणी म्हणेल, हा सगळा ऐंशी वर्षांपूर्वीचा विषय आहे, आज तो व्यापाराच्या पानावर कशाला? मला वाटते तो आजचाही आहे. १९७१ मध्ये लहान नाणी वितळवणे आणि साठवणे रोखायला सरकारला वेगळा कायदा करावा लागला होता. जुने टोकनांचे आणि नाण्यांचे असे कायदे रद्द करून २०११ चा नाणे कायदा आला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी बंद झाली. त्यानंतर कितीतरी दुकानांत रुपयाच्या जागी चॉकलेट हातावर ठेवण्याची सवय पडली. चॉकलेट दुकानदार परत घेतो का? घेत नाही. मग ती चिठ्ठीही नव्हे. दादांच्या चिठ्ठीवर निदान दुकानाचे नाव होते. ८ नोव्हेंबर २०१६ ला मोठ्या नोटा बंद झाल्या, तेव्हा आपल्याच बाजारात पुन्हा कागदावर रकमा लिहून दिल्या गेल्या. त्या वेळी किती शिंप्यांची, रंगाऱ्यांची, हमालांची मजुरी थांबली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. दहा रुपयांच्या नाण्याचे तर विचारायलाच नको. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की या नाण्याचे चौदाही प्रकार खरे आहेत. तरी आपल्या भागात कित्येक दुकानदार ते अफवेपायी नाकारत राहिले. दुकानदाराला ते नाकारता येते. भाजीवालीच्या हाती ते पडले की तिची दिवसभराची कमाई अडकते.

आता मोबाइलवर पैसे देण्याची सोय झाली आहे आणि मोडीचा प्रश्न पुष्कळ कमी झाला आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण टंचाई कोणत्या ना कोणत्या रूपाने पुन्हा येते. ती आली की आधी कोणाचे पैसे थांबवायचे, हे दुकानदाराच्या हाती असते.

शेवटी एक विनंती. या सुट्टीत घराचा माळा उघडा. जुन्या वह्या रद्दीत देण्याआधी पानन्‌पान उलटून बघा. चिठ्ठी सापडली तर पुसू नका, विकण्याची घाई करू नका. तिच्यावर आपल्या दुकानाचे नाव असेल तर ती कोणाच्या हाती गेली होती ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. दुसऱ्याच्या दुकानाचे नाव असेल तर त्याच्या घरी जाऊन दाखवा. आणि एखादी म्हातारी पदराची गाठ सोडून आपल्या गादीपुढे उभी राहिली, तर माझ्यासारखे हसू नका. आधी तिला बसायला सांगा आणि मग वही उघडा.